कारण न सापडलेली वेदना

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. सेक्टर 2 मधील कोणाही कामगारास विचारावे : यंत्रातून अनोळखी आवाज येऊ लागला आणि पहिल्या तपासणीत कारण सापडले नाही, तर ‘आवाज येतच नाही’ असे कोणी म्हणतो काय? शोध पुढे चालू राहतो. परंतु त्याच घरातील स्त्रीचे ओटीपोट वर्षभर दुखत असले आणि सोनोग्राफीत काही दिसले नाही, तर ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून तिची बोळवण होते. हा न्याय शास्त्रास धरून नाही.

ओटीपोटातील वेदना सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली, तर तिला सामान्यतः जुनाट वेदना म्हणतात. तिचे मूळ गर्भाशयातच असते असे नाही. मूत्राशय, आतडी, श्रोणीचे स्नायू, मज्जातंतू यांपैकी कोठेही ते असू शकते. आपल्या देशात जननमार्गाच्या क्षयाचाही विचार करावा लागतो. पुरुषांसही ही व्यथा होते. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, त्या विकारास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे 10 टक्के स्त्रियांना तो असतो. त्याचे बारीक ठिपके सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाहीत. म्हणून ‘दिसले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही.

छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. रोग होता, विचारणारा नव्हता.

न विचारण्याइतकीच घातक आहे ती घाई. निदान न करताच गर्भाशय काढून टाकण्याचे प्रकार छत्तीसगडमध्ये 2012 साली उघडकीस आले. बीडच्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांचा प्रश्न 2019 साली गाजला. वेदनेचे मूळ मूत्राशयात वा स्नायूंत असेल, तर गर्भाशय काढून ती कशी थांबणार?

कोणी म्हणेल, पुष्कळ शोधूनही कित्येकदा एकच एक कारण हाती लागत नाही. हे खरे आहे. दीर्घकाळ वेदना सोसून मज्जासंस्था स्वतःच अतिसंवेदनशील होते, हेही आता ज्ञात आहे. परंतु अशा वेदनेवरही औषधे, व्यायामोपचार आणि मानसोपचार यांचा एकत्रित उपयोग होतो. मानसोपचार सुचविणे म्हणजे वेदना खोटी ठरविणे नव्हे.

म्हणून रुग्णाने साधी वही ठेवावी. वेदना कधी उठते, कोठे उठते, मासिक पाळी, लघवी, शौच वा समागम यांशी तिचा संबंध आहे काय, हे रोज टिपावे. वैद्याने ती वही वाचावी. कुटुंबाने तिच्यावर विश्वास ठेवावा. शाळांनी मुलींस सांगावे, की पाळीच्या काळात नित्याची कामे बंद पाडणारी वेदना ही सोसण्याची गोष्ट नसून तपासण्याची गोष्ट आहे.

‘आम्हांस अद्याप कारण कळलेले नाही’ हे वाक्य वैद्यास कमीपणा आणीत नाही. ‘तुम्हांस काही झालेले नाही’ हे मात्र, पुराव्यावाचून, त्याने कधीही म्हणू नये.