कागदावरची अमानत

इमारत आखणारा जातो, नकाशा मागे राहतो. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे आराखडे मेजर चार्ल्स मँट यांनी केले. 1881 मध्ये ते वारले तेव्हा काम अर्धवट होते. रॉबर्ट चिझम यांनी ते पुढे नेले आणि 1890 मध्ये राजवाडा पुरा झाला. कोल्हापूरचा नवा राजवाडाही मँट यांचाच. तिथे घुमट आहेत आणि देवळाच्या धर्तीचे कोरीवकामही. एकाच कागदावर दोन्ही सुखाने नांदले.

असे कागद आपल्या गावातही असतात. नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये, मशिदीच्या आणि देवस्थानाच्या कपाटात, वाड्याच्या माळ्यावर. जुन्या निळ्या नकाशांचा रंग उजेडाने उडतो, घडीवर कागद फाटतो, ओलीत वाळवी लागते. पुढे छप्पर गळू लागले की तुळई कुठे टेकली आहे, पाण्याची वाट कुठून काढली आहे, हे सांगणारे काहीच हाती नसते. मग अंदाजाने तोडफोड होते.

उपाय फार खर्चाचा नाही. नकाशे कोरड्या, अंधाऱ्या जागी सपाट ठेवावेत. स्कॅन करून प्रत दुसरीकडे ठेवावी. पण स्कॅन झाला म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नये.

रमजानमध्ये आपण अमानतीविषयी ऐकतो. कुणी विश्वासाने सोपवलेले जसेच्या तसे परत करायचे. हे नकाशे पुढच्या पिढीची अमानत आहेत. ईदच्या साफसफाईत जुनी गुंडाळी हाती लागली, तर फेकण्याआधी एकदा उलगडून बघा.