प्रयोग स्वतः करा

दहावीनंतर तुमच्यापैकी अनेक जण विज्ञान शाखेत जातील. बारावीच्या भौतिकशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाला असतात. ते मिळावेत म्हणून काही मुले मित्राच्या प्रयोगवहीतील आकडे आपल्या वहीत उतरवतात. वही छान दिसते, गुणही मिळतात. पण विज्ञान येत नाही.

आज घरी एक साधा प्रयोग करा. दोऱ्याला छोटा दगड बांधून तो खिळ्याला टांगा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंतचे अंतर १ मीटर ठेवा. दगडाला हलकेच झोका द्या. दगड एकदा जाऊन परत आला, की एक आंदोलन झाले. अशा २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. आता अंतर २५ सेंटिमीटर करा. लांबी पाव झाली, म्हणून वेळही पाव होईल, असे तुम्हांला वाटेल. पण मोजून पाहा. सुमारे २० सेकंद लागतील, म्हणजे वेळ निम्मा होईल. स्वतः मोजलेली ही गोष्ट तुम्ही सहसा विसरणार नाही.

तुमचे उत्तर ४० ऐवजी ४२ आले, तर ४२ च लिहा. मग चूक शोधा. आंदोलने मोजताना चूक झाली का? लांबी जास्त झाली का? अशी चूक शोधतानाच विज्ञान समजते. म्हणून शिक्षकांनीही अशा खऱ्या आकड्याचे गुण कापू नयेत.

अकरावीत कदाचित माध्यम बदलेल, शब्द नवे वाटतील. पण हाताने केलेला प्रयोग कोणत्याही भाषेत उपयोगी पडेल.