आरोपीचा वकील आणि पानसरेंचा न्याय

कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कोल्हापुरात, त्यांच्या घराजवळच, गोळ्या झाडण्यात आल्या. पत्नी उमाताई जखमी झाल्या. पानसरे यांनी २० फेब्रुवारीस मुंबईत अखेरचा श्वास घेतला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पहिली अटक झाली, तेव्हा आपल्या एकाही सदस्याने या आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये, अशी भूमिका कोल्हापूरच्या जिल्हा बार असोसिएशनने घेतली. पानसरे स्वतः वकील होते, कष्टकऱ्यांचे वकील होते. सहकाऱ्याच्या खुनाने पेटलेल्या त्या संतापाबद्दल कुणाच्या मनात अनादर असण्याचे कारण नाही. तरीही ती भूमिका चुकीची होती, आणि हे पानसरेंच्या विरोधकांनी नव्हे, तर त्यांचा विचार मानणाऱ्यांनी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

कायद्याची स्थिती संदिग्ध नाही. आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा अटक झालेल्या माणसाचा हक्क घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. कोईमतूरच्या वकिलांनी काही पोलिसांचा बचाव न करण्याचा ठराव केला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे सर्व ठराव बेकायदा आणि व्यवसायनीतीच्या विरुद्ध ठरवले. एखाद्या वकिलाने काही विशेष कारणास्तव एखादा खटला नाकारणे वेगळे आणि साऱ्या संघटनेने मिळून एका माणसापुढे कोर्टाची दारे लावून घेणे वेगळे. पहिला सदसद्विवेकाचा प्रश्न आहे. दुसरा बहिष्कार आहे. आणि बहिष्कार या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रातील दलितांना कुणी शिकवण्याची गरज नाही.

परंतु केवळ कायद्याच्या आधारावर हा प्रश्न सोडून देणे योग्य होणार नाही. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या साथीदारांना शिक्षा झाली, तेव्हा पुण्यातील प्रतिष्ठितांच्या दृष्टीने त्यांच्याइतके तिरस्करणीय आरोपी दुसरे नव्हते. त्यांचे अपील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चालवले आणि जिंकले. लोकमताने ज्याला आधीच दोषी ठरवले आहे त्याचा बचाव करणे, ही आपल्याच चळवळीची परंपरा आहे. उद्या संपातील कामगार, मोर्चातील शेतमजूर किंवा चोरीच्या नुसत्या संशयावरून उचललेला पारधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील, तेव्हा त्याच्यासाठी हाच हक्क आपण कोणत्या तोंडाने मागणार?

कोल्हापूरला तर हा धडा बाहेरून घेण्याचीही आवश्यकता नाही. काही जाती जन्मतःच गुन्हेगार मानून त्यांच्या माणसांना रोज सरकारी हजेरी द्यायला लावणारी पद्धत राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली. ब्रिटिश मुलुखातील गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. आधी गुन्हेगार ठरवायचे आणि मग पुरावा पाहायचा, ही रीत याच भूमीत शंभर वर्षांपूर्वी नाकारली गेली आहे.

यावर कुणी म्हणेल, वकील मिळाला की आरोपी सुटतो. अनुभव निराळा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचा निकाल १० मे २०२४ रोजी, म्हणजे हत्येनंतर जवळजवळ अकरा वर्षांनी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे पुराव्याअभावी सुटले. पुरावा गोळा करणे हे तपास यंत्रणेचे काम. त्यातील उणीव बचावाचा वकील निर्माण करीत नाही, तो ती फक्त दाखवतो. पानसरे खटल्यातही पहिली अटक २०१५ ची, तपास दहशतवाद विरोधी पथकाकडे गेला २०२२ मध्ये आणि आरोपनिश्चिती झाली जानेवारी २०२३ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सहा आरोपींना जामीन दिला, तो दीर्घ काळच्या कैदेच्या कारणावरून. सरकारी यंत्रणेची ही दिरंगाई आरोपीवर अन्याय करते आणि पानसरे कुटुंबावरही. आपला रोख तिच्याकडे वळला पाहिजे.

उलटतपासणीच्या कसोटीला उतरलेला पुरावाच अपिलात टिकतो. आरोपीला पुरेसा बचाव मिळाला नाही, असे म्हणायला जागा राहिली, तर त्या भेगेतून सारा खटला ढासळू शकतो. आणि गोळी झाडणाऱ्यांमागचे सूत्रधार कोण, हा आपला मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. म्हणून मागणी दुहेरी असावी: प्रत्येक आरोपीला सक्षम वकील आणि प्रत्येक तपासाला कालमर्यादा व जबाबदारी.

पानसरेंना मारणाऱ्यांनी युक्तिवादाला गोळीने उत्तर दिले. न्यायालयात समोरच्याचा युक्तिवाद पुरता ऐकून घेणे आणि मग पुराव्याने त्याचा पराभव करणे, हेच त्या गोळीला कार्यकर्त्यांचे उत्तर असले पाहिजे.