कडव्यांची खुर्ची रिकामी राहत नाही

रायगडात मुंबई-गोवा महामार्गावरच्या खांबच्या नाक्यावर कुणी ‘मी शिवसैनिक’ म्हणालं, की समोरचा विचारतो, ‘कुठला? ठाकऱ्यांचा की शिंद्यांचा?’ चाळीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला जागा नव्हती. तेव्हा रायगडात शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याचा जोर होता. सेना आली ती गणपती-शिमग्याला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर. 1985 साली याच महामार्गावर, महाडला, सेनेचं अधिवेशन भरलं आणि मुंबई-ठाण्याबाहेर हातपाय पसरायचं ठरलं.

या प्रवासात सेनेचा शत्रू किती वेळा बदलला, ते आधी पाहू. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या ‘मार्मिक’मध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापून येत. त्यांत दाक्षिणात्य नावांचा भरणा असे. पगार, हुद्दा, बढती हे सगळे प्रश्न खरे होते. उत्तर मात्र नावांच्या यादीत शोधलं गेलं. त्या रोषातून 1966 मध्ये पक्ष उभा राहिला. मग गिरणगावात कम्युनिस्ट शत्रू झाले. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीपासून मुसलमान. त्या प्रचारातल्या भाषणांमुळे सेनेच्या रमेश प्रभूंची निवड न्यायालयाने रद्द ठरवली आणि पुढे खुद्द बाळासाहेबांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. शत्रू बदलला, शाखा तीच राहिली. रुग्णवाहिका, शाळाप्रवेश, नोकरीची चिठ्ठी या कामांमुळे माणूस शाखेला बांधला जाई आणि शत्रू कोण, ते वरून कळे.

पुढे नेता बदलला. उद्धव ठाकऱ्यांची भाषा वडिलांपेक्षा सौम्य होती आणि 28 नोव्हेंबर 2019 ला ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या साथीने मुख्यमंत्री झाले. आता मनसेचा झेंडा बघा. 2006 मध्ये राज ठाकऱ्यांनी पक्ष काढला तेव्हा त्यावर भगव्याबरोबर निळा होता, पांढरा होता, हिरवाही होता. उद्धव मुख्यमंत्री होऊन दोन महिने होतात न होतात तोच, 23 जानेवारी 2020 ला, बाकीचे रंग गेले आणि भगव्यावर राजमुद्रा आली. मोठ्या भावाने सोडलेल्या जागेवर धाकट्याने रुमाल टाकला. ती जागा शेवटी मिळाली एकनाथ शिंद्यांना. जून 2022 चं सेनेतलं बंड त्यांनी हिंदुत्वाच्याच नावाने केलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इटलीत जानफ्रांको फिनींनी 1995 मध्ये मुसोलिनीच्या वारसांचा पक्ष गुंडाळून नवा, सभ्य पक्ष काढला. पुढे तो विरून गेला आणि जुन्या पक्षाची ज्योत चिन्हात मिरवणाऱ्या जॉर्जिया मेलोनी 2022 मध्ये पंतप्रधान झाल्या. फ्रान्समध्ये मारीन ल पेन यांनी 2015 मध्ये वडिलांनाच पक्षाबाहेर काढलं, 2018 मध्ये पक्षाचं नाव बदललं. पुढे एरिक झेमूर त्यांच्याहून कडवी भाषा घेऊन उभे राहिले. नेता मतांसाठी मवाळ होतो, पण ज्यांना त्याने वर्षानुवर्षं रागाची सवय लावली, ते एका रात्रीत मवाळ होत नाहीत. ते दुसरा नेता शोधतात.

पण रायगडात या कडवेपणाला आणखी एक पदर आहे. गोगावले, दळवी, थोरवे हे जिल्ह्यातले सेनेचे तिन्ही आमदार शिंद्यांबरोबर गेले. त्यांचा राग हिंदुत्वाचा होता, तसा पालकमंत्रिपद राष्ट्रवादीच्या आदिती तटकऱ्यांकडे असल्याचाही होता. वर्षभराने, जुलै 2023 मध्ये, आदिती तटकरे शिंद्यांच्याच सरकारात मंत्री झाल्या. 2024 च्या लोकसभेला शिंदेसेनेने जुने शिवसैनिक अनंत गीते यांच्या विरोधात आदितींचे वडील सुनील तटकरे यांचा प्रचार केला आणि 2025 उजाडताच पालकमंत्रिपदावरून पुन्हा रस्सीखेच सुरू झाली. विचाराच्या नावाने मोडलेलं घर निधीच्या हिशेबाने पुन्हा मांडलं गेलं. मधल्या काळात गावागावांत ज्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, त्यांची कुणी विचारपूस केली नाही.

म्हणून ‘अमुक नेता बदलला का?’ हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. तो बदलेलही, त्याची जागा घ्यायला दुसरा तयार असतो. विचारायचं ते हे, की त्याच्या पक्षाला कुणा जातीला, धर्माला किंवा प्रांताला बोट न दाखवता आपल्या गावाचा प्रश्न मांडता येतो का? खांबवरून जाणारा पनवेल-इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा रुंद करायला 2011 मध्ये घेतला आणि वर्षानुवर्षं रखडला. धाटावच्या एमआयडीसीत पोरं कंत्राटावर राबतात. या दोन्हींना परप्रांतीय मजूर जबाबदार नाही आणि मोहल्ल्यातला दुकानदारही नाही. जबाबदार कोण, ते ठेक्याच्या कागदांवर सह्यांनिशी लिहिलेलं आहे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक सेनेकडे, कमळाकडे आणि घड्याळाकडेही आधी ते कागद मागा.