यंत्र धडधाकट, तरी सक्तीची निवृत्ती

कॉलेजच्या मल्टिमीडिया लॅबमध्ये, गावातल्या फोटो स्टुडिओत किंवा एखाद्या डीटीपीवाल्या काकांच्या टेबलावर तुम्ही तो पाहिलेला असेल. ॲल्युमिनियमचा, २७ इंची, दहा वर्षांचा आयमॅक. पडदा अजून लख्ख. बटण दाबलं की निमूट सुरू होतो. ‘सॉफ्टवेअर अपडेट’वर क्लिक केलं की तो सांगतो, तुमचा मॅक अद्ययावत आहे. हे खोटं नाही, पण ‘नरो वा कुंजरो वा’ आहे. त्याच्या वाट्याला आलेल्या शेवटच्या मॅकओएसपुरता तो अद्ययावत. त्यापुढच्या आवृत्त्या त्याला दिसतसुद्धा नाहीत.

मग हळूहळू एकेक जण त्याची साथ सोडतो. आधी ब्राउझर नवी आवृत्ती घ्यायला नकार देतो, मग एडिटिंगचं सॉफ्टवेअर. आयफोनसाठी ॲप लिहायला शिकणाऱ्यांची तर सरळ नाकेबंदीच. २४ एप्रिल २०२५ ला ॲप स्टोअरवर चढवायचं ॲप एक्सकोड १६ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत बनवलेलं असणं सक्तीचं झालं, आणि एक्सकोड १६ ला मॅकओएस सोनोमा १४.५ लागतं. २०१७ चा आयमॅक व्हेंचुरापाशीच थांबलेला. म्हणजे कोडिंग येतं, मशीन चालतं, पण दरवाजा बंद. घरच्यांनी ईएमआयवर घेऊन दिलेला किंवा सेकंडहँड मिळवलेला मॅक वापरणाऱ्या मुलामुलींना हा दरवाजा फार जोरात लागतो.

कंपनीने जुन्या मशिनला आयुष्यभर सांभाळावं, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. घड्याळ कधीपासून लावायचं?

काही तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. काळ्या दंडगोलासारखा दिसणारा २०१३ चा मॅक प्रो ॲपल २०१९ पर्यंत विकत होती. २०२२ च्या व्हेंचुराने त्याला यादीतून काढलं. २०१४ चा मॅक मिनी २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत दुकानात नवा कोरा मिळत होता. तोही त्याच व्हेंचुरात बाद. सगळ्यात बोचरं उदाहरण २१.५ इंची आयमॅकचं. २०१७ चं हे मॉडेल २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत विक्रीला होतं. २०२३ च्या सप्टेंबरात सोनोमा आलं आणि त्याच्यासाठी नव्या आवृत्त्या संपल्या. शेवटच्या दिवसांत ज्याने खोकं फोडलं, त्याला दोन वर्षंही पुरती मिळाली नाहीत. सुरक्षेची डागडुजी मागच्या दोन आवृत्त्यांना साधारणपणे मिळत राहते, हे खरं. पण तोही जेमतेम दोनेक वर्षांचा दिलासा.

आता गंमत बघा. दुरुस्तीच्या बाबतीत हीच कंपनी घड्याळ उलट्या टोकापासून लावते. ॲपलच्या नियमाप्रमाणे एखादं उत्पादन ‘व्हिंटेज’ ठरतं ते त्याचं वितरण थांबून ५ वर्षं उलटल्यावर, आणि कालबाह्य ठरतं ७ वर्षांनी. बाजारात आल्यापासून नव्हे, विक्री थांबल्यापासून. म्हणजे हार्डवेअरचा हिशेब शेवटच्या गिऱ्हाइकाला धरून, आणि सॉफ्टवेअरचा हिशेब मात्र कशाला धरून, हे ॲपलने ग्राहकाला कधी सांगितलेलंच नाही. पॉवर सप्लाय बदलून मिळेल अशा मशिनला नवी ओएस मिळत नाही. हाताला प्लास्टर घालतो, पण श्वासाचं तुमचं तुम्ही बघा, असं सांगणाऱ्या डॉक्टरसारखं झालं हे.

या बंद दरवाजाला काही हौशी प्रोग्रामरांनी किल्ली बनवली आहे. तिचं नाव ओपनकोअर लेगसी पॅचर. २०२१ पासून फुकट मिळणारा, ओपन सोर्स प्रकल्प. मॅकओएसचा इन्स्टॉलर तो थेट ॲपलच्या सर्व्हरवरून उतरवतो, त्यामुळे ही पायरसी नव्हे. ॲपलचा परवाना मॅकओएस ॲपलच्याच संगणकावर बसवा म्हणतो. इथे संगणक ॲपलचाच आहे. साध्या पीसीवर मॅकओएस बसवण्याचा ‘हॅकिंटॉश’ हा वेगळा प्रकार, त्याच्याशी याची गल्लत नको.

हे चालतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. मॅक सुरू होताना ओएस जागी होण्याआधी ओपनकोअर नावाचा छोटा बूटलोडर मध्ये उभा राहतो. तो मॅकओएसच्या मॉडेल-तपासणीची समजूत घालतो आणि लागतील ते बदल मेमरीतच करतो, डिस्कवरची ओएस तशीच राहते. हा झाला सोपा भाग. खरी मेहनत पुढे. जुन्या ग्राफिक्स कार्डांचे, वाय-फाय चिपचे ड्रायव्हर ॲपलने नव्या आवृत्तीतून काढून टाकलेले असतात. पॅचर ते जुन्या मॅकओएसमधून उचलून नव्या ओएसच्या मुळात बसवतो. आजोबांच्या कपाटाचं कुलूप नव्या फ्लॅटच्या दाराला बसवायचं, असं काम. बसतं, पण कानस मारावी लागते.

यातला एक किस्सा सांगायलाच हवा. व्हेंचुराने इंटेल प्रोसेसरकडे एव्हीएक्स२ नावाचा सूचनासंच मागितला. २०१२ चा आयमॅक किंवा २०१३ चा मॅक प्रो यांच्या चिपमध्ये तो नाहीच. सगळं संपल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं की ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेतल्या चिपवर जुनी इंटेल ॲप्स चालवणारा रोझेटा हा दुभाष्या, त्यालाही तेव्हा एव्हीएक्स२ झेपत नव्हतं. म्हणून नव्या मॅकसाठी ॲपलने एव्हीएक्स२ न लागणारी सिस्टिम लायब्ररी व्हेंचुरासोबत दिली होती. पॅचरवाल्यांनी इन्स्टॉलरला तीच फाइल जुन्या मॅकवर बसवायला लावली. नव्या मशिनसाठी शिजवलेल्या अन्नावर जुनं मशीन जगलं. इंजिनीअरिंगच्या पोरांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरच्या आदल्या रात्री वाचावी अशी ही गोष्ट आहे, पेपरात आली नाही तरी.

ॲपलची बाजूही ऐकायला हवी. वर म्हटलेल्या एव्हीएक्स२ सारखी काही कारणं खरोखर तांत्रिक असतात. प्रत्येक जुन्या चिपसाठी चाचण्या घ्यायच्या, सुरक्षेची छिद्रं बुजवायची, याला माणसं आणि पैसा लागतो. पण प्रत्येक वेळी कारण इतकं भक्कम नसतं. २०१७ च्या २७ इंची आयमॅकचं ग्राफिक्स सोनोमात स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतं, पॅच लागतो तो मुख्यतः वाय-फायला. एका वाय-फाय चिपसाठी अख्खा संगणक निकालात काढायचा? त्याला नेटवर्कची केबल लावायचं भोक मागच्या बाजूला आहेच की.

तरीही पॅचर म्हणजे जादूची कांडी नव्हे, आणि तो वापरायचा तर डोळे उघडे ठेवूनच. हे ड्रायव्हर बसवताना मॅकओएसचं सील तुटतं आणि सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन हे संरक्षक कवच काही अंशी सैल करावं लागतं. प्रत्येक अपडेटनंतर पॅच पुन्हा बसवावे लागतात. छोटं अपडेटसुद्धा अनेकदा पूर्ण इन्स्टॉलरएवढं, दहा-बारा जीबीच्या पुढे उतरतं. होस्टेलच्या वाय-फायवर हे प्रकरण रात्रभर चालणार. आयफोन मिररिंग चालणार नाही. ॲपल इंटेलिजन्सला एम१ किंवा त्यापुढची चिपच लागते, त्यामुळे त्याचंही नाव काढू नका. आमचं मत असं : सुरक्षा अपडेट बंद झालेल्या जुन्या ओएसवर इंटरनेट वापरण्यापेक्षा पॅच केलेली नवी ओएस बरी. पण अधिकृत सपोर्ट असलेल्या मशिनची बरोबरी ती करत नाही. नेटबँकिंग, फीचे पेमेंट वगैरे फोनवरून करा.

आणि सबमिशनच्या आठवड्यात या भानगडीत मुळीच पडू नका. टाइम मशीनवर बॅकअप घ्या, बाहेरच्या एसएसडीवर नवी ओएस टाकून चार दिवस वापरून बघा, पटलं तर पुढे जा. २०१२ पासूनच्या आयमॅकना यूएसबी ३ आहे, बाहेरची एसएसडी त्यावर चांगली पळते. किंबहुना जुना आयमॅक ‘स्लो’ वाटतो त्याचं निम्मं पाप आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचं असतं. २७ इंचीच्या पाठीवर रॅम वाढवायला छोटं दार आहे, दहा मिनिटांचं काम. २१.५ इंचीला ते नाही. त्याचा पडदा चिकटवलेला, तिथे घरगुती स्क्रूड्रायव्हर चालवू नका. मॅक मिनी घेणार असाल तर २०१२ चा शोधा, त्याची रॅम बदलता येते. २०१४ च्या मिनीची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, नवा म्हणून तो चांगला असं समजू नका. पॅचर त्याच्या मूळ गिटहब पानावरूनच घ्या. त्याच नावाने पैसे मागणारा कुणी भेटला तर तिथूनच मागे फिरा.

कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? एम४ चा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, विद्यार्थ्यांना ४९,९००. वेगात तो या सगळ्या म्हाताऱ्यांना सहज मागे टाकतो आणि वीजही कमी खातो. खिशात पैसे असतील आणि रोज व्हिडिओ एडिट करायचे असतील तर खुशाल घ्या, आम्ही अडवणार नाही. पण त्यासोबत मॉनिटर, कीबोर्ड, माऊस वेगळे घ्यावे लागतात. इकडे २०१४ पासूनच्या ५के आयमॅकमध्ये ५१२० बाय २८८० पिक्सेलचा पडदा आहे, आणि तो दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर म्हणून जोडायची सोय ॲपलने ठेवलेलीच नाही. आतला संगणक निवृत्त झाला की तो देखणा पडदाही भंगारात. पर्यावरणाच्या नावाने व्हिडिओ काढणाऱ्या आणि २०३० पर्यंत कार्बन न्यूट्रल व्हायचं म्हणणाऱ्या कंपनीला हे शोभत नाही.

आणि हे एकट्या ॲपलचंही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि टीपीएम २.० नसलेल्या कितीतरी चालत्या पीसींना विंडोज ११ ने दारात घेतलं नाही. लिनक्स मिंटसारखा पर्याय दोन्हीकडे आहे. टायपिंग, ब्राउझिंग, कोडिंग एवढंच असेल तर पॅचरपेक्षा तो बिनघोर. फायनल कट आणि एक्सकोडवाल्यांना मात्र त्याचा उपयोग नाही.

युरोपीय महासंघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅबलेटसाठी नियम लागू केला : मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान ५ वर्षं ओएस अपडेट द्यायचे. विक्री थांबल्यापासून, हे महत्त्वाचं. संगणक त्यात नाहीत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही सुरू झालं. तिथला भर सुटे भाग, मॅन्युअल आणि सर्व्हिस सेंटरवर. सॉफ्टवेअरचं आयुष्य हाही दुरुस्तीचाच भाग आहे, हे कायद्यात यायला हवं. खोक्यावर एमआरपीशेजारी ‘अपडेट अमुक वर्षापर्यंत’ एवढी एक ओळ छापायची सक्ती झाली तरी सुरुवात होईल. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, लाखाच्या संगणकावर का नसावी?

यात घाई आहे, कारण टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं. डेस्कटॉपपैकी त्यात २०२० चा आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो एवढेच इंटेलवाले उरले. पॅचरचा रस्ता सिकोयापर्यंत मळलेला आहे. त्यापुढच्या ओएसमध्ये इंटेलसाठी कोडच नसेल, तर पॅच कशाला लावणार? स्टुडिओ आणि एजन्सी आता इंटेलवाले आयमॅक भराभर काढतील आणि सेकंडहँड बाजारात भाव पडतील. घ्यायला गेलात तर विक्रेत्याच्या ‘लेटेस्ट ओएस टाकून देतो’ला भुलू नका. डावीकडचा ॲपलचा लोगो दाबा, ‘अबाउट धिस मॅक’ उघडा, मॉडेलचं साल बघा, आणि मगच किमतीचं बोला.