व्यासपीठाखालची परिषद

हिंगोली जिल्ह्याच्या हळदीस आता नाव मिळाले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तत्पूर्वी २०२२ मध्ये राज्य शासनाने वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रास मंजुरी दिली. परंतु हळद जेथवर जाते, तेथवर ती पिकविणारा जात नाही. मोंढ्यात बीट होते, अडत्या हातावर पट्टी ठेवतो आणि शेतकऱ्याचा बाजाराशी असलेला संबंध तेथेच संपतो. आपले हळकुंड कोणाच्या गिरणीत दळले गेले, कोणत्या शहरात विकले गेले आणि ग्राहकाने त्यात काय पाहिले, याचा त्यास पत्ताही नसतो.

हा तुटलेला धागा जोडण्याचे एक साधन म्हणजे व्यापारी परिषदा. शेतकरी उत्पादक कंपन्यांची तरतूद कायद्यात २००३ पासून अमलात आली आणि गावच्या शेतकऱ्यास व्यापारी म्हणून उभे राहण्याचा मार्ग मोकळा झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे जागतिक मसाला परिषद भरली, तेव्हा देशोदेशीचे खरेदीदार मराठवाड्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आले होते. पण अशा परिषदांना जाणाऱ्या आपल्या मंडळींची रीत कशी असते? मंत्र्यांचे उद्‌घाटनाचे भाषण ऐकावे, पिशवी व फाईल घ्यावी, जेवणाच्या वेळी आपल्याच तालुक्याच्या माणसांचे कोंडाळे करावे आणि रात्रीची गाडी गाठावी! व्यासपीठावर जे बोलले जाते, ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावयास मिळते. व्यासपीठाखाली, चहाच्या टेबलाशी जे घडते, ते मात्र कोठेही छापून येत नाही. खरी परिषद तीच होय.

यामागे केवळ संकोच नाही, एक नैतिक अढीही आहे. ओळखी काढणे म्हणजे वशिला लावणे, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची समजूत आहे. सरळमार्गी शिक्षकास वा कारकुनास या शब्दाचा तिटकारा वाटावा, हे योग्यच. तथापि वशिला व ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. वशिला गुणाची उणीव झाकण्यासाठी लागतो, तर ओळख असलेला गुण योग्य माणसाच्या दृष्टीस पाडते. पहिला बंद दाराआड चालतो; दुसरी चारचौघांत, हातात मालाचा नमुना घेऊन करता येते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक मार्मिक सिद्धांत मांडला. बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातील नोकरदारांची पाहणी करताना त्यास असे आढळले, की ज्यांना ओळखीतून नोकरी लागली, त्यांतील बहुतेकांना ती बातमी जिवलगांकडून नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून मिळाली होती. कारण उघड आहे. आपल्या सोयऱ्यांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असतेच. नवी वार्ता दूरच्या माणसाकडूनच येते. आपल्याच तालुक्याच्या कोंडाळ्यात जेवण्याचा तोटा नेमका हाच आहे.

मग करावे काय? परिषदेपूर्वी येणाऱ्यांची यादी मागवून त्यांतील पाच-सहा माणसे हेरावीत. शंभर जणांना कार्डे वाटण्यात काही हशील नाही. सोबत हळदीचा नमुना व तपासणीचा दाखला असावा. कुर्कुमीन किती, ओलावा किती, कीटकनाशकांचे अंश वा शिसे आहे की नाही, हेच जाणता खरेदीदार प्रथम विचारतो. विकण्याची घाई करण्यापूर्वी त्यास काय हवे हे ऐकून घ्यावे आणि वर्षाला किती माल देता येईल हे खरे सांगावे. अवाच्या सवा सांगितलेला आकडा पहिल्याच मागणीत उघडा पडतो. परतल्यावर आठवड्याच्या आत, झालेल्या बोलण्याचा उल्लेख करून पत्र धाडावे. बहुतेक ओळखी परिषदेत नव्हे, या न लिहिलेल्या पत्रापाशी मरतात.

येथेच जिल्ह्यातील शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांचे काम सुरू होते. पत्राचा मसुदा, नोंदवही, हिंदी-इंग्रजीतील चार नेमकी वाक्ये ही त्यांच्या हातची विद्या आहे. आपल्या गावच्या उत्पादक कंपनीस ती वर्षातून काही दिवस दिली, तर शेतकऱ्यास पोपटपंची करणाऱ्या दलालाची गरज उरणार नाही. परिषदा भरविणाऱ्यांनीही सत्कार व हारतुरे यांतील एक तास कमी करून तो भेटीगाठींस द्यावा. लहान जिल्ह्यांतून आलेल्यांची खरेदीदारांशी गाठ घालून देणारा एखादा माणूस दाराशी नेमावा.

मानांकनाने मालास नाव मिळते. माणसास मात्र स्वतः पुढे होऊन आपले नाव सांगावे लागते. ओळखीने दर वाढेलच असे नाही, पण एका खरेदीदाराने दर पाडला असता दुसऱ्याचे दार ठोठावता येईल. मोंढ्यात पट्टीकडे निमूटपणे पाहणाऱ्या शेतकऱ्यास आज नेमकी हीच सोय नाही.