स्टेनलेस स्टीलची टाकीही गंजते: गळतीनंतर कारण शोधणे का गरजेचे?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला सुमारे 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये पीथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर तो जाळून झाला. कचऱ्याची बातमी संपली, पण 1984 मध्ये तिथल्या टाकीने शिकवलेला धडा रासायनिक कारखान्यांजवळ राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या कामाचा आहे.

स्टेनलेस स्टील का गंजते?

या स्टीलमधल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होतो. आपल्या त्वचेसारखा तो आतल्या धातूचे रक्षण करतो. क्लोराइड या मिठातल्या घटकामुळे हा थर जागोजागी फुटतो. मग दाताच्या किडीसारखे होते: वरून टाचणीएवढे छिद्र, आत खोल पोकळी. साचलेले पाणी, त्यातले जिवाणू आणि वेल्डिंगच्या उष्णतेने कमजोर झालेला सांधा यांमुळेही गंज लागतो. क्लोराइड, उष्णता आणि धातूवरचा ताण एकत्र आले की बारीक भेगा पडतात.

निदान कसे होते?

रुग्णाच्या तपासणीसारखेच. भिंतीची जाडी ध्वनिलहरींनी मोजतात, म्हणजे टाकीची सोनोग्राफीच. धातूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, ही बायोप्सी. आतला साका प्रयोगशाळेत तपासतात. टाकीत काय भरले होते, तापमान किती होते आणि ती कशाने धुतली, हा झाला पूर्वेतिहास. नुसते ठिगळ लावणे म्हणजे कारण न शोधता तापाची गोळी देणे.

भोपाळमध्ये काय घडले?

2 डिसेंबर 1984 च्या रात्री 610 क्रमांकाच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीत सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट होते. त्यात पाणी शिरले. रसायनातले क्लोरोफॉर्मही मर्यादेपेक्षा जास्त होते आणि थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. तापमान वाढले, आतून धातू झिजला आणि सुटलेल्या लोहाने प्रक्रियेचा वेग आणखी वाढवला. पाणी कसे शिरले यावर वाद झाला. पण टाकी गंजणे हा दुर्घटनेच्या साखळीतला एक दुवा होता, एकमेव कारण नव्हे. वायूने लोकांचे डोळे आणि फुप्फुसे होरपळली. हजारो माणसे दगावली.

घराजवळ गळती झाली तर

- बाहेर असाल तर वाऱ्याच्या दिशेने धावू नका; वाऱ्याला आडवे जात दूर व्हा. नाकातोंडावर ओले फडके धरा.
- घरात थांबायला सांगितले तर दारे-खिडक्या, पंखे, एसी बंद करा.
- डोळे चुरचुरत असतील तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे धुवा. अंगावरचे कपडे बदला.
- 112 किंवा 108 वर फोन करा. काही वायूंमुळे धाप काही तासांनी लागते, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. दमेकरी, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना आधी न्या.

विचारण्याचा हक्क

घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनुसार मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याची आणि बचावाची माहिती देणे बंधनकारक आहे. तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे अशा औद्योगिक वसाहतींजवळ राहणाऱ्यांनी ती मागावी. गळतीनंतर ‘दुरुस्ती झाली’ एवढ्यावर थांबू नका. दोन प्रश्न विचारा: कारण सापडले का? तशाच इतर टाक्या तपासल्या का? शिवाय कोणते रसायन हवेत पसरले हे समजले, तर तुमच्या डॉक्टरांना योग्य उपचार लवकर सुरू करता येतात.